शॉपिंग स्ट्रीटवरच्या इमारती बघायच्या कशा: जुनी असेल तर वर बघा, नवी असेल तर खाली

खरेदीच्या रस्त्यावर आपण सगळे एकाच उंचीवर बघत चालतो, काचेतला पुतळा, सेलचा बोर्ड, समोरच्याच्या हातातल्या पिशव्या. त्यामुळे होतं काय की तो रस्ता वीस वेळा चालून झालेला असतो आणि कुणी विचारलं की अमुक दुकान ज्या बिल्डिंगमध्ये आहे ती किती मजली, तर सांगता येत नाही. मलाही यायचं नाही. मग हळूहळू एक सवय लागली, ती इथे लिहून ठेवते. आर्किटेक्चरची डिग्री वगैरे काही लागत नाही, दोन-तीन तास रिकामे, पायात चालायचे बूट आणि खिशात फ्रिजवर लावतो तसलं एक मॅग्नेट, बास. मॅग्नेट कशाला ते पुढे येईलच.

मुख्य युक्ती टायटलमध्येच सांगून टाकलीय. जुन्या इमारतीचा तळमजला हा भाडेकरूचा असतो, एक दुकान जातं दुसरं येतं, येणारा आधीचं सगळं फोडतो, मोठी काच लावतो, पाटी ठोकतो, तिसरा येतो तो पाटीवर पाटी ठोकतो. वरच्या मजल्यांवर पैसे घालवायला कुणी तयार नसतं म्हणून ते वाचतात, बऱ्याचदा बांधले तसेच. नव्या इमारतीचं नेमकं उलटं असतं, तिचा वरचा भाग फोटोत चांगला यावा म्हणून त्यावर आधीच भरपूर डोकं चालवलेलं असतं, ती रस्त्यावरच्या माणसाशी कशी वागते हे मात्र ती फुटपाथला टेकते तिथेच कळतं. म्हणून जुन्याला मान वर आणि नव्याला नजर खाली.

उभं कुठे राहायचं

समोरच्या फुटपाथवर. हे ऐकायला सोपं वाटतं पण बहुतेक लोक इमारतीच्या अगदी खाली उभं राहून वर बघतात, मान दुखते आणि दिसतं काय तर छज्ज्याचा खालचा भाग. समोर जा, आणि जमलं तर दुकानं उघडायच्या आधी जा. शटर खाली असतात, माणसं धक्के मारत नाहीत, आणि ऊन तिरकं असतं, त्या तिरक्या उन्हात दगडावरची नक्षी, खिडक्यांच्या चौकटी, पडून गेलेल्या पाटीचे खिळे सगळं उठून दिसतं. दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट वाटते. दुसरी फेरी दिवे लागल्यावर मारायची, त्याचं कारण वेगळंय, ते शेवटाकडे सांगते.

उभं राहिलात की एक डोळा मिटा, हात समोर करा आणि तळव्यानं तळमजला झाकून टाका. लोक बघतात, बघू देत. पाटी, काच, एलईडी सगळं गेलं की जे उरतं ती इमारत. पहिल्यांदा हे करून बघाल तेव्हा गंमत वाटेल, कारण एकसारख्या चकचकीत दुकानांची जी रांग वाटत होती ती अचानक वेगवेगळ्या काळातल्या सात-आठ इमारती होऊन जाते, कुणाचे मजले बुटके, कुणाचे उंच, एखादी मधेच घुसवलेली.

तळमजल्याचं काय होतं याचं माझ्यासाठी सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण म्हणजे बार्सिलोनाची कासा येओ मोरेरा. पासेज द ग्रासिया नावाचा तिथला मोठा खरेदीचा रस्ता आहे, त्यावर कोपऱ्याला ही इमारत, दोमेनेक इ मोंतानेर नावाच्या आर्किटेक्टनं १९०२ ते १९०६ मध्ये जुन्या घराला नवं रूप देऊन केलेली. तळमजल्यावर शिल्पकार एउसेबी आर्नाउनं घडवलेल्या बायकांच्या मूर्ती होत्या, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या अगदी जवळ. १९४३ मध्ये एका दुकानाला तिथे शोकेस पाहिजे होती, झालं, मूर्ती फोडल्या. वरच्या मजल्यांवरची आर्नाउचीच शिल्पं आजही आहेत, फोनोग्राफ, फोटोचा कॅमेरा, विजेचा दिवा, टेलिफोन घेतलेल्या बायका आहेत त्यात, १९०५ च्या आसपासचं सगळं लेटेस्ट टेक्नॉलॉजी! पण ती बघायची तर मान वर करावी लागते, आणि म्हणूनच ती उरली.

जुन्या इमारतीत काय काय शोधायचं

आधी खिडक्या. खिडकी आणि भिंत यांचं प्रमाण बघा. भिंत जास्त आणि खिडक्या अरुंद, उभट, एकीवर एक बरोबर रांगेत असतील तर बहुतेक भिंतच सगळं वजन पेलतेय, भिंतीला जास्त भोकं पाडली तर इमारत बसेल म्हणून खिडक्या लहान. उलट भिंत म्हणजे नुसती चौकट आणि बाकी सगळी काच असेल तर आत लोखंडाचा नाहीतर काँक्रीटचा सांगाडा आहे, वजन तो घेतो, भिंत नुसती पांघरूण. हे एकदा कळलं की रस्त्यावरच्या इमारतींचे दोन ढीग आपोआप पडतात.

शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर लुई सलिव्हन या आर्किटेक्टनं केलेली डिपार्टमेंट स्टोअरची इमारत आहे, १८९९ आणि १९०३-०४ अशा टप्प्यांत बांधलेली, कार्सन पिरी स्कॉट या नावानं जगाला माहीत, खरं तर बांधून घेतली श्लेसिंगर अँड मेयर या दुकानानं. वरती पांढऱ्या टेराकोटाची, म्हणजे साच्यात घालून भाजलेल्या मातीची, साधी चौकट आणि आडव्या रुंद खिडक्या, मधे एक मोठी न उघडणारी काच आणि दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या अरुंद खिडक्या, याला शिकागो विंडोच म्हणतात. म्हणजे वरती नुसता सांगाडा, फालतू लाड नाही. आणि खालचे दोन मजले बघावेत तर बिडाची इतकी दाट नक्षी की पानं कुठे संपतात आणि वेली कुठे सुरू होतात ते कळत नाही. मी वर म्हटलेल्या नियमाला हा अपवाद आहे, इथे जुनी इमारत असून खाली बघायचं! कारण सलिव्हननं हिशोब साधा ठेवला होता, गिऱ्हाईक चालतं खाली, तर श्रीमंती खाली, काचेतल्या मालाला चित्राला फ्रेम करावी तशी फ्रेम. कोपऱ्यावरचं दार गोल आहे, दोन्ही रस्त्यांवरून येणारा माणूस आपसूक त्याच्याकडे ओढला जातो.

मग मजल्यांची उंची बघा. लिफ्ट नसलेल्या काळात जितकं वर तितकं कमी भाड्याचं, कारण जिने चढणार कोण, म्हणून पहिला-दुसरा मजला ऐटदार, उंच खिडक्या, गॅलरी, आणि वर जाता जाता खिडक्या बुटक्या होत जातात, सगळ्यात वर नोकरांच्या खोल्यांच्या चिमुकल्या खिडक्या. एखाद्या इमारतीत वरच्या मजल्यांच्या खिडक्याही खालच्याएवढ्याच मोठ्या दिसल्या तर ती बहुधा लिफ्टनंतरची. लिफ्ट आली तीसुद्धा दुकानातूनच आली बरं का, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हॉवाउट नावाचं चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांचं पाच मजली दुकान होतं, तिथे १८५७ मध्ये एलिशा ओटिसनं माणसांसाठीची पहिली लिफ्ट बसवली. वरच्या मजल्यांवर गिऱ्हाईक चढवायचं होतं, दुसरं काय.

त्याच हॉवाउटच्या इमारतीवरून मॅग्नेटचा विषय. तिचा दर्शनी भाग लांबून दगडी वाटतो, कमानी, खांब, खांबांचे नक्षीदार माथे सगळं आहे, पण ते ओतीव लोखंड आहे, म्हणजे आपलं बीड. कारखान्यात साच्यातून काढलेले तुकडे आणून नटबोल्टनं जोडले. न्यूयॉर्कच्या सोहो भागात अशा इमारती रांगेनं आहेत आणि तिथे हिंडणारे हौशी लोक खरोखर मॅग्नेट घेऊन फिरतात, लावलं की चिकटतं. दगडाला, टेराकोटाला, सिमेंटला चिकटायचा प्रश्नच नाही. एक काळजी घ्या, पातळ पत्र्यालाही मॅग्नेट चिकटतं आणि जुन्या इमारतींचे वरचे कार्निस, म्हणजे छपराखालच्या पुढे आलेल्या नक्षीदार पट्ट्या, कधीकधी पत्र्याचे ठोकलेले असतात, तर हाताच्या उंचीवर असेल तिथे टकटक करून बघा, पत्रा पोकळ वाजतो, बीड ठोस लागतं, आणि रंगाचे थरावर थर बसून बिडाच्या नक्षीच्या कडा साबणासारख्या बोथट झालेल्या असतात.

एकदा एका जुन्या दुकानाच्या दारातल्या खांबाला मी मॅग्नेट लावत होते तर वॉचमन आला, त्याला वाटलं मी जाहिरात चिकटवतेय. त्याला सगळं समजावलं, बीड म्हणजे काय, कसं ओततात, वगैरे, तो ऐकत होता पण चेहऱ्यावर काही विश्वास नव्हता. मग त्यानं मॅग्नेट माझ्या हातातून घेतलं आणि दाराचे चारही खांब स्वतः तपासले. पहिल्या तीनला चिकटलं. चौथ्याला लावलं तर घसरून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. म्हणजे कधीतरी तो एक खांब गेला असणार आणि कुणीतरी सिमेंटमध्ये हुबेहूब करून, त्याच हिरव्या रंगात रंगवून उभा केला, आणि रोज त्याला टेकून उभं राहणाऱ्या वॉचमनलाही पत्ता नाही. तो खूश झाला, दुपारच्या पाळीवाल्याला दाखवतो म्हणाला. (मॅग्नेट परत मागायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.)

दगड की टेराकोटा हे ओळखायची माझी रीत अशी की नक्षीतली एकसारखी दोन फुलं शोधायची आणि पाकळी पाकळी ताडून बघायची. हातानं कोरलेल्या दगडात कुठेतरी फरक राहतोच, एक पाकळी जाड, एक वाकडी. साच्यातली असतील तर दोन्ही फुलं तंतोतंत. आणि गिलाव्याच्या भिंतीवर दगड वाटावा म्हणून ओढलेल्या खोट्या दरजाही असतात, त्या कोपऱ्यावर जाऊन बघा, खरा दगड कोपऱ्याला वळतो, खोटी दरज बऱ्याचदा कोपऱ्यावर येऊन संपते.

तारीख शोधायची तर वर शिरोभागी बघा, बऱ्याच ठिकाणी साल कोरलेलं असतं. तिथे नसेल तर पावसाच्या पाण्याच्या पन्हाळीच्या डोक्यावर, लोखंडाच्या खोक्यासारखं असतं ना त्यावर, जुन्या ब्रिटिश इमारतींत तिथे साल टाकायची पद्धत होती. आणि दाराशी पायाखालची फरशी बघायला विसरू नका, कितीतरी ठिकाणी आधीच्या दुकानाचं नाव मोझेकमध्ये तसंच राहिलेलं असतं कारण ते उखडायचा खर्च नव्या मालकाला नको होता, वर मोबाईलचं दुकान आणि उंबऱ्यात मोजे विकणाऱ्याचं नाव. बाजूच्या उघड्या भिंतींवर फिकट झालेल्या रंगवलेल्या जाहिराती असतात, त्याही पावसानंतर भिंत ओली असताना जास्त दिसतात.

काचेबद्दल एकच सांगते. जुन्या खिडकीच्या काचेत समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब पाण्यात हलल्यासारखं वेडंवाकडं दिसतं, नवीन काचेत सरळ. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायची फ्लोट पद्धत पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये जाहीर केली, त्यानंतर साध्या खिडकीलाही अगदी सपाट काच स्वस्तात मिळायला लागली. तर वरच्या मजल्यावर सगळी प्रतिबिंबं सरळ आणि एकाच खिडकीत लाटा असतील तर ती एकच काच मूळची, बाकीच्या बदललेल्या.

खोटं बोलणारे खांब

हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे थोडं जास्त लिहिणार. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं सेल्फ्रिजेस हे डिपार्टमेंट स्टोअर १९०९ मध्ये उघडलं, समोरून बघितलं तर रांगेनं प्रचंड आयोनिक खांब (माथ्याला दोन बाजूंना गुंडाळ्या असलेले ग्रीक थाटाचे), वाटतं की ग्रीक देवळासारखं सगळं वजन यांच्यावरच आहे. वजन आहे आतल्या पोलादी सांगाड्यावर. खांबांमधली भलीमोठी काच बघा, तिथे भिंत नाहीच मुळी, तिथेच चोरी पकडली जाते. मला हे खोटं चालतं, त्यात एक नाटकीपणा आहे आणि तो नाटकीपणा दुकानाला शोभतो.

व्हिएन्नात आडोल्फ लोस या आर्किटेक्टनं १९०९ ते १९११ मध्ये गोल्डमन अँड सालाच या शिंप्यांच्या दुकानासाठी इमारत बांधली, कोलमार्क्ट हा खरेदीचा रस्ता जिथे संपतो त्या चौकात, राजवाड्याच्या बरोब्बर समोर. खाली हिरवट संगमरवराचे महागडे खांब, वरती सफेद गिलावा आणि नुसत्या भोकासारख्या खिडक्या, ना चौकट ना नक्षी. शहरात बोंब झाली, लोकांनी नाव ठेवलं भुवया नसलेलं घर, काम थांबवायची वेळ आली आणि शेवटी तडजोड म्हणून खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या आल्या, त्या अजून आहेत. तिथे गेलात तर एक गोष्ट ताडून बघा, खालचे खांब आणि वरच्या खिडक्या एका रेषेत येत नाहीत. लोसनं मुद्दाम दुकान वेगळं आणि राहायची घरं वेगळी ठेवली, खालचं वरच्याशी जुळवून घ्यायचा आव आणला नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ज्याच्यावर एवढा गहजब झाला ते आज आपण बघतो तर वाटतं, यात वाईट काय होतं?

आणि लिबर्टी. लंडनचं हे दुकान बघायला जातात ते काळ्या लाकडाच्या पट्ट्यांच्या ट्युडर इमारतीसाठी, जुन्या सरायासारखी दिसते, पण आहे १९२४ ची, दोन जुन्या युद्धनौका मोडून त्यांचं लाकूड वापरलंय. ती मात्र बाजूच्या रस्त्यावर आहे. रिजंट स्ट्रीटवर त्याच दुकानाची जी बाजू होती ती क्लासिकल, म्हणजे ग्रीक-रोमन थाटाची दगडी, कारण रिजंट स्ट्रीटची जमीन राजघराण्याच्या मालमत्तेतली आणि तिथे एका ठरलेल्या क्लासिकल थाटातच बांधायचं असं बंधन. एकाच मालकाचे दोन चेहरे, एक स्वतःच्या आवडीचा, एक जमीनमालकाच्या. म्हणून कोपऱ्यावर पोचलात की नेहमी वळून बाजूच्या गल्लीत दहा पावलं जा. समोर दगड आणि बाजूला साधी वीट, समोर चार मजले आणि मागे पाच, असले प्रकार तिथेच सापडतात.

कोपऱ्यावरून आठवलं, कोपऱ्याच्या इमारतीला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन रस्त्यांवरून दिसते म्हणून मालकानंही तिथे हात सैल सोडलेला असतो. टोकियोच्या गिन्झात चौकातलं वाको या दुकानाचं घड्याळाचं टॉवर १९३२ चं, कोपऱ्याला गोल वळणारं, आजूबाजूचं सगळं बदललं तरी भेटायची खूण म्हणून तेच. बार्सिलोनात तर इल्देफोन्स सेर्दानं १८५९ च्या नगररचनेत प्रत्येक चौकाचे कोपरेच तिरके कापून टाकले, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावरच्या इमारतीला चौकाकडे तोंड करणारी एक जास्तीची दर्शनी बाजू मिळाली.

नवी इमारत शेजाऱ्यांशी कशी वागते

नवी इमारत आली की लोक दोनच गोष्टी म्हणतात, काय भारी आहे नाहीतर काय घाण केलीय. दोन्ही बाजूला ठेवा आणि शेजारी बघा. शेजारच्या इमारतीच्या मजल्यांच्या रेषा नवीन इमारतीत कुठे जाऊन मिळतात? उंची कुठे थांबते? हे बघायला नवीच पाहिजे असंही नाही. पासेज द ग्रासियावर कासा अमात्येर आणि कासा बात्यो शेजारी शेजारी आहेत. अमात्येर पुच इ कादाफाल्क या आर्किटेक्टनं १९०० पर्यंत पूर्ण केली, वरती पायऱ्यापायऱ्यांचं त्रिकोणी शिखर. त्यानंतर १९०४ ते १९०६ मध्ये बार्सिलोनाचा प्रसिद्ध आर्किटेक्ट गाउदी यानं बात्यो केली, तिचं छप्पर एखाद्या प्राण्याच्या खवल्यांच्या पाठीसारखं, बाल्कन्या कवट्यांसारख्या, म्हणजे शेजाऱ्याचं ऐकणारा हा माणूस नव्हे असं वाटतं. पण समोर उभं राहून वरची रेषा डोळ्यांनी चालत जा, अमात्येरच्या बाजूला येते तिथे ती खाली उतरते, तिथे छोटी गच्ची सोडलीय, शेजारच्या शिखराला जागा दिलीय. त्या ब्लॉकला नाव काय पडलं तर भांडणाचा ब्लॉक, स्पॅनिशमध्ये ब्लॉक आणि सफरचंद यांना एकच शब्द असल्यामुळे ग्रीक कथेतल्या भांडणाच्या सफरचंदावरून कोटी केलीय. भांडण नावातच, छपराच्या रेषेत मात्र समजूतदारपणा.

व्हिएन्नाचं हास हाऊस १९९० चं, हान्स होलाइन या आर्किटेक्टनं केलेलं, जुन्या श्टेफान्स कॅथेड्रलच्या समोर आरशासारखी काच. खूप आरडाओरडा झाला होता. त्याचा गोल कोपरा बघा आणि मग शेजारच्या ग्राबेन या रस्त्याचं नाव बघा, ग्राबेन म्हणजे खंदक, रोमन छावणीचा खंदक तिथून जायचा, आणि इमारतीचं वळण त्या छावणीच्या कोपऱ्याची आठवण ठेवून घेतलंय. काचेत कॅथेड्रलचं प्रतिबिंब तुकड्या-तुकड्यांत दिसतं. माझं मत विचाराल तर दुपारी ते छान दिसतं आणि ढगाळ दिवशी जरा थोराड वाटतं.

पॅरिसच्या रू द रिव्होलीवर सामारितेन दुकानाची नवी बाजू आहे, सानाआ या जपानी आर्किटेक्टांची, २००५ पासून बंद असलेलं दुकान २०२१ मध्ये उघडलं तेव्हाची. अख्खा दर्शनी भाग लाटांसारख्या काचेचा. पहिल्यांदा फोटो बघितला तर बाथरूमचा पडदा वाटतो, असं तिथलेही लोक म्हणाले. पण समोरच्या दगडी इमारती त्या लाटांत लांबट, हलणाऱ्या दिसतात, आणि आपण चालायला लागलो की त्याही चालायला लागतात. हे फोटोत येत नाही, चालूनच बघावं लागतं.

आणि आर्किटेक्ट तादाओ आंदोचं ओमोतेसांदो हिल्स हे दुकानांचं संकुल, टोकियो, २००६. तिथे आधी १९२७ च्या सुमाराच्या जुन्या अपार्टमेंट होत्या, लोकांचा जीव त्यांच्यावर. त्या पाडल्या त्याचं वाईट वाटणारे आजही आहेत. आंदोनं केलं काय, तर सुमारे २५० मीटर लांब इमारत रस्त्याच्या झाडांच्या वर फारशी जाऊ दिली नाही, बरंचसं दुकान जमिनीखाली नेलं, आणि आतमध्ये जिन्याऐवजी एक गोल गोल फिरत जाणारा उतार, ज्याचा चढ बाहेरच्या फुटपाथएवढाच. एका टोकाला जुन्या अपार्टमेंटचा एक तुकडा परत बांधून ठेवलाय. तो तुकडा पुरेसा आहे का यावर वाद घालता येईल, मला तो जरा माफीपत्रासारखा वाटतो. उतार मात्र अस्सल कल्पना आहे, पायाला रस्ता संपल्याचं कळतच नाही.

आता नजर खाली

नव्या इमारतीच्या समोर फुटपाथवरून शंभर मीटर चाला आणि दारं मोजा. डेन्मार्कचे आर्किटेक्ट यान गेल, ज्यांनी आयुष्यभर माणसं रस्त्यावर कशी वागतात तेच मोजलं, त्यांचा हिशोब असा की शंभर मीटरला १५ ते २० दारं म्हणजे चांगला जिवंत रस्ता. म्हणजे एक दुकान पाच-सहा मीटर रुंद, आपल्या चालण्याच्या वेगाला दर चार-पाच सेकंदांनी डोळ्यांना नवीन काहीतरी. जुन्या रस्त्यांवर हे आपोआप असायचं कारण प्लॉट अरुंद. नवीन मॉलसारख्या इमारतीत शंभर मीटरला दोन दारं आणि मधे नुसती काच, त्यावरही आतून पोस्टर चिकटवलेलं. मी हे मोजायला लागले तेव्हापासून काही रस्ते मला का कंटाळवाणे वाटतात ते कळलं, इमारत सुंदर असूनसुद्धा.

बर्मिंगहॅमचं सेल्फ्रिजेस याचं मजेशीर उदाहरण आहे, २००३, फ्युचर सिस्टिम्स या आर्किटेक्ट कंपनीनं केलेलं, फुगीर निळी भिंत आणि तिच्यावर १५,००० ॲल्युमिनियमच्या तबकड्या. लांबून बघायला झकास, शहराची ओळखच झाली. भिंतीला खिडक्या मात्र जवळपास नाहीत, त्यामुळे तिच्याखालून चालताना बघायला काही नाही. उलट टोकियोच्या आओयामात प्राडाचं दुकान, हर्झोग आणि द म्युरॉन या आर्किटेक्ट जोडीचं, तेही २००३ चंच, चौकडीच्या जाळीत बसवलेल्या काचा, काही सपाट, काही फुगीर, काही खोलगट, आणि ती जाळी नुसती शोभेची नाही, इमारतीचं वजनही पेलते. त्यांनी सगळा प्लॉट न भरता खाली छोटंसं अंगण मोकळं सोडलंय, एवढ्या महागड्या जमिनीवर. इमारत वर कशी आहे याच्या आधी मी ते अंगण मोजेन.

दारांनंतर जोतं बघा. फुटपाथपासून पहिले दोन-तीन फूट. तिथे सायकली घासतात, पाणी उडतं, सफाईची मशिनं आपटतात, म्हणून पूर्वी तिथे ग्रॅनाइटसारखा टणक दगड लावायचे आणि नाजूक काम वर न्यायचे. नव्या इमारतीत पातळ दगडाची फरशी थेट जमिनीपर्यंत आणलेली असते, कोपऱ्यावर तिची जाडी बघा, बोटाएवढी असते, आणि दोन फरश्यांमधे मोकळी फट, सिमेंट नाही. पाच-सात वर्षं झालेली असेल तर खालचे कोपरे उडालेले असतात, तिथून इमारत कशी म्हातारी होणार त्याचा अंदाज येतो.

जाता जाता फुटपाथही. पासेज द ग्रासियावर षटकोनी फरश्या आहेत, गाउदीनं मुळात बात्योसाठी काढलेल्या, समुद्रातले शंख, तारामासे वगैरे. एका फरशीत चित्र पूर्ण होत नाही, मधे एक आणि भोवती सहा अशा सात धरल्या की कळतं. हजारो लोक त्याच्यावरून वर बघत जातात.

दिवे लागल्यावरची फेरी

आता ती दुसरी फेरी. दर्शनी भिंत जुनी ठेवायची आणि मागची अख्खी इमारत पाडून नवीन बांधायची असं सध्या खूप ठिकाणी चालतं. दिवसा कळत नाही, भिंत धुऊन पुसून नव्यासारखी असते. संध्याकाळी आत दिवे लागले की समोरच्या फुटपाथवर उभं राहा आणि जुन्या खिडक्यांतून आतलं छत शोधा. छताची रेषा खिडकीच्या वर असायला पाहिजे. ती खिडकीच्या मधूनच आडवी जात असेल, म्हणजे एका जुन्या खिडकीत खाली एका मजल्याचं छत आणि वर दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाचे बूट दिसत असतील, तर मागचं सगळं नवीन आहे, जुन्या दोन उंच मजल्यांच्या जागी तीन बुटके बसवलेत. दुसरी खूण, सगळ्या मजल्यांवर त्याच पांढऱ्या ट्यूबच्या रांगा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेजारच्या वेगळ्या दिसणाऱ्या इमारतीतही तशाच आरपार गेलेल्या. बाहेर तीन इमारती, आत एकच हॉल.

अशी इमारत सापडली की लगेच चिडू नका. कधीकधी भिंत तरी राहिली हेच नशीब असतं. पण तुमच्या वहीत ती जुनी म्हणून लिहू नका. मी वहीत साधी खूण करते, रस्त्याच्या दोन रेघा, प्रत्येक इमारतीला एक चौकोन, वर साल किंवा अंदाजे दशक, मजले किती, खिडक्या किती रांगा, दारं किती, आणि अशा इमारतीला चौकोन रिकामा ठेवून नुसती समोरची रेघ जाड करते. फोटो काढते पण वहीतली रेघ ओढताना जे दिसतं ते फोटो काढताना निसटतं. दुकानाच्या आतले फोटो काढायचे तर विचारून काढा. एका दिवसात दोनशे-तीनशे मीटरच करा आणि एकाच बाजूचे, परतताना समोरच्या फुटपाथवरून या, कारण जाताना तुम्ही जिथे उभं राहून बघत होतात ती बाजू अजून बघायचीच राहिलेली असते.